कपाटाच्या दारामागचे सातजण

प्रकरण कसं आलं

ऑगस्ट २०२४. पंचगंगेचं पाणी नुकतंच उतरलं होतं. मी ज्या कॉलेजात समुपदेशक म्हणून बसते तिथली माझी खोली म्हणजे ग्रंथालयामागची जुनी मासिकं ठेवायची जागा: दोन खुर्च्या, एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा. तिथं एक बाई आल्या. बसता बसताच म्हणाल्या, "मॅडम, पोरगी कोरियन झालीया आमची. तिला जरा मुसलमान करा."

टिकली लावलेल्या माझ्यासारख्या बाईला आपण हे काय सांगून बसलो, हे त्यांच्याही लगेच लक्षात आलं. हसायला लागल्या, आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावला.

मुलगी तृतीय वर्ष बी.कॉम.ला. वडील शिवाजी उद्यमनगरात टर्नर, पंचवीस वर्षं लेथवर. घर पेठेत, दोन खोल्या आणि माळा. दादी, आईवडील, दोन वर्षांनी मोठा भाऊ आणि ही. आईच्या तक्रारी एकात एक गुंतलेल्या होत्या: दिवसभर कानात गाणी, पार्सलं येतात, तोंडाला कसली कसली पाणी लावते, गच्चीवर मैत्रिणींबरोबर नाचली आणि त्याचा व्हिडिओ टाकला, आणि मिरजेहून चांगलं स्थळ आलंय तर "मला एक वर्ष द्या" म्हणते. मी सगळं लिहून घेतलं. शेवटच्या तक्रारीखाली तेव्हा रेघ मारली नाही, ती मारायला हवी होती.

पुढच्या चार महिन्यांत मुलीबरोबर पाच बैठका झाल्या, आईबरोबर दोन, वडिलांबरोबर एक. हे लिहायला तिघांचीही परवानगी आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

माझी पहिली चूक

ती डोक्याला स्कार्फ बांधते. घट्ट, दोन टाचण्या लावून. अंगात ढगळ पँट, गुडघ्यापर्यंतचा फिका कोट, पाठीवरच्या सॅकला जांभळ्या रंगाचं हृदय लोंबकळतंय. पहिल्याच बैठकीत मी शहाण्यासारखं विचारलं, "हा स्कार्फ घरच्यांनी बांधायला लावला का?" माझ्या डोक्यात गणित तयार होतं: घर एकीकडे ओढतंय, फोन दुसरीकडे ओढतोय, मधे ही.

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मॅडम, तुम्हाला वाटतंय की एक काढल्याशिवाय दुसरं घालता येत नाही."

स्कार्फ तिनं २०२२च्या उन्हाळ्यात स्वतःहून सुरू केला होता. त्या वर्षी फेब्रुवारीत कर्नाटकात कॉलेजांतल्या हिजाबवरून वाद पेटला, १५ मार्चला तिथल्या उच्च न्यायालयानं बंदी कायम ठेवली, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. कागल ओलांडलं की कर्नाटक. तिची मावसबहीण बेळगावात शिकत होती, तिचं कॉलेज त्या महिन्यात सुटलं ते सुटलंच. घरात हिला कुणी सांगितलं नाही. आई बाहेर जाताना बुरखा घालते, दादी आजही साडीत असते, डोक्यावर पदर. स्कार्फ पाहून दादीच उलट म्हणाली, "इत्ता कसके कायकू बांदती गे, सर दुखेगा."

आणि स्कार्फ कसा बांधायचा हे ती कुणाकडून शिकली? इंडोनेशियातल्या मुलींकडून. जगात सगळ्यांत जास्त मुसलमान ज्या देशात आहेत तिथं बीटीएसच्या, म्हणजे सात कोरियन गायकांच्या गटाच्या, चाहत्यांचीही गर्दी आहे. त्यांचे व्हिडिओ बघताना हिनं पहिल्यांदा पाहिलं की स्टेडियमात डोकं झाकलेल्या पोरींची रांगच्या रांग उभी आहे, हातात दिवे, तोंडानं कोरियन गाणं. "तोवर स्क्रीनवर स्कार्फवाली दिसली की मला कळायचं, आता बातमी वाईट असणार," ती म्हणाली.

म्हणजे एक गोष्ट दुसरीच्या आड येत नव्हती. दोन्ही एकाच खिडकीतून आत आल्या होत्या. माझं गणित पहिल्याच तासाला चुकलं ते बरंच झालं.

भूगोलाचा पेपर

मार्च २०२०ला ती दहावीत होती. त्या वर्षी टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि सरासरीनं गुण मिळाले. तिचा नेहमीचा विनोद असा, की भूगोलाचा पेपर गेला आणि कोरिया घरात आला. भावाचा जुना फोन, काचेला तडा गेलेला. ऑगस्टमध्ये बीटीएसचं 'डायनामाइट' आलं, इंग्रजीत, आणि अमेरिकेच्या 'हॉट १००' यादीत पहिल्या जागी गेलं. तिथून ती मागे गेली, १३ जून २०१३पर्यंत, म्हणजे हे सातजण पहिल्यांदा मंचावर आले तिथवर.

ही कथा घरोघरची आहे, ती इथेच सोडते. मला थांबायचंय ते लिपीपाशी.

कोरियन लिपी पंधराव्या शतकात राजा सेजोंगनं सामान्य लोकांना वाचता यावं म्हणून तयार करवली, आणि ती खरंच सोपी आहे. हिला आठवड्यात वाचता यायला लागली. अर्थ कळत नव्हता, पण ओळ मोठ्यानं वाचता यायची. आणि वाचता वाचता तिला हे ओळखीचं वाटलं. लहानपणी मदरशात तिनं 'नाजरा' पूर्ण केला होता. म्हणजे कुराण अरबीत वाचून काढायचं, उच्चार बिनचूक, अर्थ नाही. बारा वर्षांची असताना तिच्या 'खत्म'ची मिठाई गल्लीत वाटली होती.

"गाण्याच्या एकेका ओळीचा अर्थ मी रात्री जागून शोधायचे मॅडम. एकदा नमाजला उभी राहिले आणि मधेच लाज वाटली. ह्याचा अर्थ तर मी कधी शोधला नाही."

त्याच सुमारास, २० नोव्हेंबर २०२२ला, रविवारी, कतारमध्ये फुटबॉलचा विश्वचषक सुरू झाला. कोल्हापुरात त्या दिवसांत काय असतं ते कोल्हापूरकराला सांगायला नको. गल्लीच्या तोंडाशी मेस्सी, नेमार, रोनाल्डो पुरुषभर उंचीचे उभे. भाऊ अर्जेंटिनाचा. दादीसकट सगळं घर टीव्हीपुढे. उद्घाटनात एका कतारी तरुणानं कुराणातली एक आयत म्हटली, दादीनं डोक्यावरचा पदर सारखा केला. थोड्या वेळानं त्याच मैदानात बीटीएसचा जंगकुक आला, कतारी गायकाबरोबर 'ड्रीमर्स' गायला. हिच्या तोंडून किंकाळीच निघाली. अब्बांनी विचारलं, "ह्यो काय तुझ्या कपाटातला?" आणि भावाला म्हणाले, "आवाज वाढीव."

त्या रात्री तिनं ती आयत शोधली. माणसांची राष्ट्रं आणि कबिले केले ते एकमेकांना ओळखण्यासाठी, अशा आशयाची. उर्दू तिला अडखळत येते, शाळा मराठी माध्यमाची. म्हणून तिनं मराठी अनुवाद मिळवला आणि रोज पानभर वाचायला लागली. कुराण मराठीत यावं म्हणून शाहू महाराजांनी पैसे घातले होते. ज्या गावात १९०६ साली त्यांनी मुस्लिम बोर्डिंग उभं केलं, त्या गावातली ही मुलगी मराठी कुराणापर्यंत पोचली ती सोलवरून फिरून. वाकडी वाट, पण पोचली.

आता कपाट. तिच्या वाट्याचं लोखंडी कपाट, दाराच्या आतल्या बाजूला सात जणांची चित्रं. नमाजच्या खोलीत चित्रं नकोत म्हणून पाच वेळा दार बंद करायचं. छोटी कार्डं रमजानातल्या खजुराच्या रिकाम्या डब्यात, एकेक प्लास्टिकच्या पाकिटात. नखांना रंग लावला तर वजू, म्हणजे नमाजआधीचं हातपाय धुणं, होत नाही, म्हणून तो फक्त नमाज नसते त्या दिवसांत. नूडल्सच्या पाकिटावर हलालचा शिक्का बघितल्याशिवाय पाणी उकळायचं नाही. रमजानात गाणी पूर्ण बंद. ह्यातलं काहीही तिला कुणी आखून दिलं नव्हतं. मला सगळ्यांत नवल वाटलं ते कार्डांचं. अल्बम विकत घेतला की आत कुणाचं कार्ड निघेल ते ठाऊक नसतं. आपल्या लाडक्याचं निघावं म्हणून पोरी चार-चार अल्बम घेतात. वडिलांना हे कळल्यावर ते म्हणाले, "हा तर मटकाच की!" ती रात्रभर विचार करत बसली आणि तिला ते पटलं. जुगारच हा. तेव्हापासून ती अल्बम घेत नाही, कुणाकडचं तरी ठरलेलं, डोळ्यांनी पाहिलेलं कार्ड दीडशे-दोनशे रुपयांना घेते. एका खासगी कंपनीच्या धंद्याची नस माझ्या माहितीत इतकी नेमकी कुणी पकडलेली नाही.

आईला वाटत होतं पोरगी धर्म सोडत चाललीय. मला दिसत होती घरातून आयता मिळालेला धर्म एकेक वस्तू हातात घेऊन तपासणारी मुलगी. तिचं प्रत्येक उत्तर एखाद्या मौलानांना पटेल असं नाही, पण प्रश्न तिचे स्वतःचे होते.

ग्रुपचं नाव

बीटीएसच्या चाहत्यांना जगभर 'आर्मी' म्हणतात. त्यांच्या हातातल्या दिव्याचं अधिकृत नाव 'आर्मी बॉम्ब'. जगात कुठल्याही मुलीला ह्यात काही वावगं वाटत नाही.

७ जून २०२३. कोल्हापूर विसरलेलं नाही. काहींच्या मोबाईल स्टेटसवरून बंदची हाक, मग दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर, इंटरनेट बंद. संध्याकाळी अब्बांनी घरातले सगळे फोन दस्तरखानावर मांडले आणि एकेक उघडून बघायला घेतला. कुणाचं स्टेटस काय, कुठला ग्रुप, कुणी काय पाठवलंय. हिच्या फोनवर ग्रुप सापडला: 'कोल्हापूर आर्मी', एकतीस जणी. आणि तीन दिवसांपूर्वीचा एका मुलीचा निरोप: "माझा बॉम्ब कस्टममध्ये अडकलाय गं, कुणाचा आला का?"

ती समजावत बसली. दिवा असतो अब्बा, बॅटरीवर चालतो, गाण्याबरोबर रंग बदलतो. चित्र दाखवलं. अब्बांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मला समजलं बाळा. हवालदाराला समजवायला कोण जाणार?"

इंटरनेट सुरू झालं तेव्हा तिनं ग्रुपच्या ॲडमिनला, राजारामपुरीतल्या एका जैन मुलीला, वेगळा निरोप लिहिला. नाव बदलता येईल का, आणि तो शब्द कुणी लिहू नका, लाइटस्टिक म्हणा. कारण अर्ध्या ओळीत. मिनिटाभरात ग्रुपचं नाव झालं 'जांभळी'. जांभळा हा त्यांचा रंग, सातातल्या व्हीनं २०१६मध्ये त्याला प्रेमाचा अर्थ दिला तेव्हापासून. ग्रुपवर कुणी विचारलं नाही, का बदललं. कुणी विनोद केला नाही. लगेच पुढचा निरोप आला तो नव्या गाण्याचा.

हे सांगताना ती रडली. दंगलीचं सांगताना नव्हती रडली.

मला ह्या प्रकरणाचं मर्म इथं सापडलं. वर्गात तिला काय काय विचारतात ते तिनं मोजून दाखवलं होतं: ईदला बिर्याणीला कधी बोलावतीस, मॅच कुणी जिंकावी वाटतं, तुमच्यात मामाच्या मुलाशी लग्न चालतं ना. विचारणारे वाईट नसतात. पण प्रत्येक प्रश्न आडनावाच्या दारातूनच आत येतो. 'जांभळी'त पहिला प्रश्न वेगळा असतो: "तुझा बायस कोण?" म्हणजे सातातला लाडका कोण. उत्तर दिलं की तुमची जात कळली. मंगळवार पेठेतली मराठा मुलगी आणि ही, दोघींचा लाडका सातातला सुगा, दोघी सुगावाल्या, म्हणजे सख्ख्या. हिंदू-मुसलमान ह्या दोन खणांच्या बाहेर, कुणाच्याच मालकीची नसलेली एक जागा तिला मिळाली होती. ती जागा परदेशी होती म्हणूनच मिळाली. इथलं काहीही घेतलं असतं तर ते आधीच कुणाचं तरी असतं.

पूर्वी आपल्याकडे अशा जागा नव्हत्या असं नाही. मोहरमला तालमीत बसणाऱ्या पंज्यांना हात जोडणाऱ्यांत हिंदू घरं कमी नाहीत, आणि तालमीच्या फुटबॉल संघात गोल करणाऱ्याचं आडनाव कुणी बघत नाही. पण तालीम असो की शाहू स्टेडियम, त्या जागा भावाच्या. बहिणीला अशी जागा कोणती? मी खूप आठवून पाहिलं.

जे मला खटकतं

कौतुकाच्या भरात काही गोष्टी झाकायच्या नाहीत. ती सावळी आहे. कोरियन 'ग्लास स्किन'च्या नादानं ती दुपारी घराबाहेर पडेनाशी झाली होती, फोटो टाकण्याआधी दोन छटा उजळ करायची, तांदळाच्या पाण्यानं तोंड धुवायची. दादी म्हणाली, "चावल का धोवन हम भैंस कू देते थे." ह्या बाबतीत कोरियानं तिला नवं काहीच दिलं नाही. आमचंच गोरेपणाचं जुनं दुखणं चकचकीत डबीत भरून परत पाठवलं. पाच बैठकांत मी त्याला फारसा हात लावू शकले नाही. स्थळ बघायला येणारी माणसंही आधी रंगच बघतात, तेव्हा फक्त फोनला दोष कोणत्या तोंडानं द्यायचा.

दुसरं, मालिकांमधले पुरुष. छत्री धरणारे, वाट बघणारे, आठव्या भागापर्यंत हातही न धरणारे. आईला ह्या मालिका चालतात त्या ह्याचमुळे. हिंदी डबिंगमध्ये दोघी रात्री एकत्र बघतात. मोठ्यांना दोन्ही हातांनी पेला देणं, वय बघून बोलण्याचं रूप बदलणं, सासूपुढे मान खाली घालणं पाहून आईचं मत झालं, "ये तो हमारेच जैसे." कोरियनमध्ये आईला 'ओम्मा' म्हणतात हे कळल्यावर तर खात्रीच पटली. पण मुलीनं मनात जो नवरा रंगवलाय तो पटकथाकारांनी लिहिलेला आहे, हे तिला कळतं का? विचारलं. म्हणाली, "कळतं. पण मिरजेच्या मुलाचीही पटकथाच आलीय मॅडम. बायोडाटा म्हणतात त्याला."

भांडण नेमकं कशाचं

गच्चीवरच्या व्हिडिओत चौघीजणी तोंडाला मास्क लावून नाचल्या होत्या. चेहरा दिसत नव्हता. इचलकरंजीच्या फुप्पीनं, म्हणजे आत्यानं, मागच्या पाण्याच्या टाकीवरून गच्ची ओळखली. टाकीला एक निळं ठिगळ आहे. तिथून फोन फिरले आणि त्याच आठवड्यात मिरजेचं स्थळ आलं होतं, म्हणून आई माझ्याकडे आली.

वडील नोव्हेंबरमध्ये आले, कामावरून थेट. नखांत काळं वंगण. गाण्यांविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. म्हणाले, "मॅडम, हुंदाईनं तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेतला. आमच्या शेठजींकडं तेच चाललंय सगळं, पार्ट कुणाला मिळणार. तिथं कोरियन साहेब असत्यात. रांजणगावात एलजी हाय. ही भाषा खरंच पैसे देती का, तेवढं सांगा."

देते, मी म्हटलं. दुभाषे लागतात, आणि इकडून जाणाऱ्या मुली कमी आहेत. त्यासाठी 'टोपिक' नावाची परीक्षा असते, तिच्या पायऱ्या असतात, वर्षभर नेटानं करावं लागतं.

"तेच ती म्हणती. एक वर्ष." ते गप्प झाले. मग म्हणाले, "पोरगी तेवीसची झाली की स्थळं कमी होत्यात. माझ्या बहिणीचं बघितलंय मी."

मी तेव्हा ऑगस्टमधल्या वहीतली शेवटची तक्रार काढून बघितली. घरात सहा महिने हराम-हलालवर वाद चालला होता, पण वाद होता तो ह्या एका वर्षाचा. वर्ष मागायला मुलीकडे सबळ कारण नव्हतं म्हणून ती गाण्यांसाठी भांडत होती. वर्ष नाकारायला आईकडे सबळ कारण नव्हतं म्हणून ती गाण्यांवर राग काढत होती. गाणी बिचारी मधल्यामधे. हे मी तिघांना एकत्र बसवून सांगितलं. खोलीत तिसरी खुर्ची नव्हती, भाऊबंदकी मिटवायला बसल्यासारखे वडील खिडकीच्या कट्ट्यावर टेकले.

सध्या

मिरजेचं स्थळ दुसरीकडे जमलं. बी.कॉम. पूर्ण झालं. २०२५च्या जूनमध्ये बीटीएसचे उरलेले सदस्य लष्करी सेवा संपवून परतले, आणि जुलैमध्ये ही पुण्याला गेली, कोंढव्यात धाकट्या फुप्पीकडे. कोरियनचा क्लास, दुपारी एका सीएच्या कार्यालयात काम. अटी ठरल्यात: एक वर्ष, रोज रात्री फोन, व्हिडिओ नाही. पहिल्या दोन ती पाळते असं आई सांगते, तिसरीबद्दल मी विचारलं नाही. इचलकरंजीहून नवीन स्थळ सुचवलंय. "रमजान झाल्यावर बघू" असं कळवलंय.

आई मधे एकदा येऊन गेल्या, डब्यात खिमा-पाव घेऊन. खजुराचा डबा मुलीनं पुण्याला नेला. कपाटातली चित्रं काढून 'जांभळी'तल्या एका मैत्रिणीला दिली, आत आता चादरी आणि दादीची शाल.

"आन् तरी मॅडम," त्या म्हणाल्या, "नमाजला उभी राहायच्या आधी मी अजून दार लावते."